वायरिंगमध्ये स्विच हा पॉइंट धरायचा का?

भाऊ, तुमचा वायरमन स्विचबोर्डही पॉइंटमध्ये धरतो आणि अमेरिकन व्हिडिओत प्लगच्या सॉकेटलाच 'आउटलेट' म्हणतात, म्हणून तुमचा गोंधळ झालाय. व्हिडिओवाले ढिलं बोलतात. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या कलम १०० प्रमाणे, उपकरण चालवायला वायरिंगमधून जिथं करंट घेतला जातो ती जागा म्हणजे आउटलेट, आपल्या भाषेत पॉइंट. छताचा दिवा आला, पंखा आला, प्लगशिवाय थेट जोडलेला गीझरही आला. स्विच नाही, कारण तो करंट फक्त सोडतो नाहीतर तोडतो. सॉकेट ही त्या जागी बसवलेली वस्तू. एका पेटीत दोन सॉकेट असले तरी आउटलेट एकच.

आपल्या आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकातही पॉइंट म्हणजे पक्क्या वायरिंगचं ते टोक, जिथं उपकरण जोडायचं. वायरमनचा पॉइंट मात्र मजुरीचा हिशेब आहे. तो फसवतोच असं नाही, पण भावात स्विच, पाइप, वायर काय काय धरलंय ते आधी लिहून घ्या.

आता कूलरचं. आपल्याकडे मार्च-एप्रिलपासून तो खिडकीत बसतो, आणि पॉइंट काढताना नेमका तोच राहतो. मग पलंगाखालून एक्स्टेन्शन, त्यावर टाकीचं पाणी. घरगुती कूलरला ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. १६ वालं गीझरला लागतं, २००० वॅटला साधारण ९ अँपिअर होतात म्हणून. कूलरला खरी गरज तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या पिनेची. लोखंडी बॉडी, ओली फरशी आणि दोन पिनेचा प्लग, यात दर उन्हाळ्यात माणसं जातात. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. वायरमनला फेज आणि अर्थच्या मध्ये जुना तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) लावून दाखवायला सांगा. तो मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर अर्थिंग नावालाच. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आधीच बसवली असेल तर ती लगेच पडेल, तेही बरंच. नसेल तर बसवाच, यात काटकसर नको.

प्लास्टरआधी कूलरची खिडकी, फ्रिज, देवघर, गोठ्यातला दिवा सगळं खडूनं भिंतीवर मांडा आणि त्या खुणांवरून पॉइंट मोजा. विहिरीची मोटर यात धरू नका, तिचं शेतीचं कनेक्शन वेगळं.