सोळाव्या प्रकरणालाच मन का उडालं?

वसईच्या एक वाचक लिहितात: "यंदा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात रोज रात्री अर्धा तास धार्मिक पुस्तक वाचायचं ठरवलंय. मी बसले की हे टीव्हीचा आवाज वाढवतात, 'मठात जायचंय का?' म्हणून हसतात. शुक्रवारी मांस वर्ज्य, तरी यांना मटण लागतं. रोज सांगते, रोज भांडण होतं. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, थॉमस अ केंपिसचं 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट' घेतलं होतं. पंधरा प्रकरणं छान झाली, सोळाव्याला मन लागेना, म्हणून आता संत ऑगस्टिनचं 'कन्फेशन्स' वाचतेय. यांना कसं समजावू?"

ताई, टीव्हीचं राहू द्या. सोळाव्यालाच मन का उडालं, ते सांगा.

पहिल्या भागातलं ते प्रकरण जेमतेम दीड पानाचं. विषय काय, तर दुसऱ्यांचे दोष सोसणं. तुम्हाला स्वतःला मनासारखं घडवता येत नाही, मग दुसरा तुमच्या मनासारखा कसा होईल, असं केंपिस तिथे सरळ विचारतो. पंधराव्या शतकातला हा लेखक नेदरलँड्समधल्या मठात जवळजवळ जन्मभर राहिला. एका छपराखाली न पटणाऱ्या माणसांबरोबर दिवस काढणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच दीड पानात आहे: एकदोनदा सांगून बघावं, नाही ऐकलं तर वाद घालू नये, देवावर सोपवावं. तुम्ही रोज सांगताय!

पुस्तक कंटाळवाणं नव्हतं हो, ते बोचलं. बोचलं की बदललं, मग उपवास कसला? संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत, 48व्या अध्यायात, उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येक मठवासीयाला एकेक पुस्तक द्यायला सांगितलंय. त्यानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं वाचायचं. आवडतील तेवढीच पानं वाचायची सवलत नाही.

तुमच्या मिस्टरांची बाजू मी घेत नाहीये. शुक्रवारचं मटण त्यांचं त्यांना निस्तरू दे.

ऑगस्टिन आज कपाटात ठेवा, ईस्टरनंतर काढा. रात्री केंपिस घेऊन हॉलमध्ये बसा, टीव्ही चालू असतानाच, आणि सोळावं प्रकरण वाचा. आवाज कमी करा म्हणू नका. उद्या सतरावं. ते मठातल्या जीवनावर आहे म्हणून गाळाल, गाळू नका. इतरांशी जमवून राहायचं तर स्वतःचा हट्ट पुष्कळदा मोडावा लागतो, हे त्याचं पहिलंच वाक्य आहे.