टर्बो इंजिन घरी बांधायचं की गाडी आहे तशी विकायची?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. वाचकाकडे नऊ वर्षं वापरलेली, दोन लिटरची, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आहे (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). इंजिन तापल्यावर स्लो रेसला ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, मग खालून ठकठक सुरू झाली. रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा म्हणजे रॉड आणि खालचा फिरता क्रँक यांच्यातलं बेअरिंग) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, असं मेकॅनिकने सांगितलं. त्याचा आकडा ऐकून वाचकाने ठरवलं की घरच्या गॅरेजमध्ये आपणच इंजिन बांधायचं, म्हणजे पूर्ण उघडून, झिजलेले पार्ट बदलून पुन्हा जुळवायचं. ब्रेक, क्लच आणि एकदा हेड गॅस्केट ही कामं त्याने स्वतः केली आहेत. हाताशी चार महिन्यांच्या घरखर्चाएवढा आणीबाणीचा निधी आहे. त्यातला निम्मा काढायचा आणि उरलेलं क्रेडिट कार्डावर टाकायचं, असा बेत आहे. नाहीतरी इंजिन उघडणारच, तर फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टन आणि मोठा टर्बोही बसवून घ्यावा, असंही मनात आहे. पत्नीचं म्हणणं, आहे तशी विकून मोकळे व्हा.

तुम्ही सगळे आकडे मोकळेपणाने पाठवलेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. सोयीसाठी मी ते एका मापात आणले आहेत. गाडी धडधाकट चालू असती तर तिची जी किंमत आली असती ती १०० भाग धरा. तुमच्याच माहितीनुसार आज, आहे त्या अवस्थेत, ३० मिळतील. वर्कशॉपने पूर्ण इंजिन बांधून द्यायचे ६५ सांगितलेत. घरी केलं तर २५ मध्ये होईल असा तुमचा अंदाज आहे.

कागदावर गणित फारच गोड दिसतं. २५ घालून १०० ची गाडी, म्हणजे हातात ७५. पण यातले दोन्ही आकडे मला पटत नाहीत.

विक्रीचा आकडा आधी घेऊ. घरी बांधलेल्या इंजिनाची गाडी घेणारा गिऱ्हाईक पूर्ण किंमत देत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. ९० धरा, तेही सगळी बिलं दाखवता आली तर. वर्कशॉपच्या बिलासह आणि वॉरंटीसह ९५ धरू. म्हणजे वर्कशॉपकडून करून घेतलं तर ९५ वजा ६५, हातात ३०. आहे तशी विकली तरी ३०. मग विकण्यासाठी म्हणून वर्कशॉपला एवढे पैसे देण्यात काहीच राम नाही. गाडी पुढे पाच-सात वर्षं स्वतः वापरायची असेल तरच त्या पर्यायाचा विचार करा.

आता खर्चाचे २५. तुमच्या यादीत पिस्टन रिंग, बेअरिंगचे सेट, गॅस्केट किट, ऑइल पंप, टायमिंग चेन आणि ऑइल-कूलंट आहे. यादी वाईट नाही, पण ती साध्या इंजिनाची आहे. बेअरिंग गेलेलं टर्बो इंजिन बांधताना खर्च कुठे वाढतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण निर्णय तिथेच फिरतो.

बेअरिंग झिजतं तेव्हा त्याचा धातू ऑइलमध्ये जातो. फिल्टर बराचसा अडवतो, पण ऑइल थंड आणि घट्ट असताना किंवा फिल्टर तुंबल्यावर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सगळीकडे फिरतं. ते टर्बोतही जातं. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि बहुतेक टर्बोंमध्ये तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या थरात धातूचा चुरा शिरला की टर्बोच्या बेअरिंगचं आयुष्य मोजकंच उरतं. म्हणून टर्बोचा कोअर (शाफ्ट आणि बेअरिंगचा गाभा) नवा घ्या, निदान जाणत्याकडून उघडून तपासून तरी घ्या. त्याला ऑइल नेणारी बारीक नळी आतून जळलेल्या ऑइलने अरुंद झालेली असते. ती साफ करत बसू नका, बदला. ऑइल कूलरच्या आतल्या खाचाखोचांतला चुरा धुऊन पूर्ण निघेल याची खात्री देता येत नाही, त्यामुळे तोही नवा. जुना कूलर परत लावून नवी बेअरिंग त्याच चुऱ्याने खराब करणं हा घरी बांधलेल्या इंजिनांच्या बाबतीत फार महाग पडणारा प्रकार आहे.

मग मशीन शॉप. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गोल भागावर) ओरखडे असतील तर ग्राइंडिंग आणि घासून बारीक झालेल्या जर्नलच्या मापाचं, म्हणजे अंडरसाइज बेअरिंग. सिलिंडर झिजून अंडाकृती झाले असतील तर बोअर करून (भोक मोठं करून) ओव्हरसाइज पिस्टन, नसतील तर नुसतं होनिंग (आतली भिंत हलकी घासणं). रॉडचं मोठं तोंड गोल राहिलंय का हे मोजणं. हेडची पातळी बघून गरज असेल तर फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं). यातलं काहीही घरी होत नाही. शिवाय हेडचे बोल्ट आणि बहुतेकदा रॉडचेही बोल्ट एकदाच ताणायचे असतात, ते नवेच लागतात. तुमच्याकडे टॉर्क रेंच आहे. इंजिन उचलायचा हॉइस्ट, इंजिन स्टँड, अँगल गेज, मायक्रोमीटर आणि बोअर गेज नाही. हॉइस्ट आणि स्टँड भाड्याने मिळाले तर विकत घेऊ नका.

हे सगळं धरून, आणि अनपेक्षित खर्चाची फट ठेवून, मी ४५ धरतो. आता ९० वजा ४५ म्हणजे हातात ४५. आहे तशी विकण्यापेक्षा १५ जास्त. अजूनही फायदा आहे, पण तो सगळं नीट झालं तर.

नीट झालं नाही तर? समजा इंजिन बांधलं, चालू केलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा ठोका आला. खर्चाचे ४५ गेलेले, आणि दुसऱ्यांदा बिघडलेल्या गाडीला पहिल्यापेक्षा कमीच मिळणार, २० धरा. म्हणजे तुम्ही २५ ने खड्ड्यात. यश आलं तर ४५ मिळणार आणि अपयश आलं तर २५ जाणार, या दोन टोकांमध्ये हिशेब मांडला की दिसतं, अपयशाची शक्यता साधारण पाचात एक झाली की घरी बांधणं आणि आहे तशी विकणं यांत पैशाच्या दृष्टीने फरक उरत नाही. त्याहून जास्त असेल तर विकणंच बरं. या हिशेबात तुमचे शनिवार-रविवार मी फुकट धरले आहेत आणि गाडी बंद असताना येण्याजाण्याला जो खर्च होईल तो धरलेलाच नाही.

मग स्वतःला विचारा, माझी अपयशाची शक्यता पाचात एकपेक्षा कमी आहे का? तुम्ही हेड गॅस्केट बदललंय, म्हणजे हातात कौशल्य आहे, शिस्तही असणार. पण इंजिनाच्या खालच्या भागाचं काम वेगळं असतं. रॉड बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली ऑइलची फट बहुतेक इंजिनांत ०.०३ ते ०.०६ मिलिमीटरच्या घरात असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला कळत नाही, मोजावीच लागते. रिंगचंही तेच. साधारण ८२ मिलिमीटर बोअरच्या साध्या इंजिनात वरच्या रिंगच्या दोन टोकांमध्ये ०.३३ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवण्याचा सर्वसाधारण नियम आहे. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, रिंग जास्त फुगते, म्हणून तिथे ०.४१ किंवा त्याहून थोडी अधिक लागते. फट कमी पडली तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग अडकते आणि पिस्टनचा काठ तोडते. अर्थात, तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच खरा. पहिल्याच इंजिनाला या सगळ्यात एकही चूक होणार नाही असं मी तुमच्या वतीने धरून चालणार नाही.

म्हणून मी तुमच्या पत्रात नसलेला एक पर्याय सुचवतो, आणि माझा कौल त्यालाच आहे. काम वाटून घ्या. गाडीतून इंजिन उतरवणं, सुटं करणं, साफसफाई, टर्बो आणि इंटरकूलरच्या पाइपांची जोडणी, पुन्हा बसवणं हे तुम्ही करा. वर्कशॉपच्या बिलातला मजुरीचा मोठा हिस्सा याच कामांचा असतो. यात चुका झाल्या तरी बहुतेक गळतीच्या किंवा राहिलेल्या प्लगच्या असतात, दुरुस्त होतात. ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टन मात्र मशीन शॉपला द्या. मोजमाप, मशीनिंग आणि जुळवणी त्यांच्याकडूनच करून घ्या आणि मापं लिहिलेला कागद मागा. खर्च ४५ ऐवजी ५० होईल असं धरू. पण अपयशाची शक्यता दहात एकवर आली आणि कागदपत्रांमुळे गाडीला ९५ मिळाले, तर चांगल्या-वाईट शक्यता धरूनही सरासरी ३७ च्या आसपास हातात राहतात. तुमच्या तीन पर्यायांपेक्षा हे बरं आहे, आणि इंजिन स्वतः बांधण्याचा आनंदही बराचसा शाबूत राहतो. तो आनंद मी क्षुल्लक मानत नाही. तुमच्या पत्रात सगळ्यात जिवंत ओळी त्याबद्दलच्याच होत्या.

आता पैसे कुठून आणायचे. इथे मी ठाम आहे: आणीबाणीच्या निधीला हात लावू नका, आणि क्रेडिट कार्डावर तर एकही भाग घेऊ नका. तो निधी नोकरी जाणं, आजारपण, घरात अचानक येणारा खर्च यासाठी आहे. इंजिन तुम्ही स्वतःहून, तुमच्या सोयीने उघडणार आहात, त्यात आणीबाणी काही नाही. शिवाय नेमक्या त्याच काळात गाडीही बंद असेल. निधी निम्मा, गाडी बंद पडलेली आणि कार्डाचं व्याज चालू, अशा वेळी एक छोटा धक्काही तुम्हाला अर्धवट उघडलेलं इंजिन विकायला लावेल. सुट्या भागांच्या खोक्यांसकट उभ्या गाडीला मग भंगाराचाच भाव येतो. या सगळ्या व्यवहारातला सर्वात मोठा तोटा तिथे आहे.

तुमच्या मासिक बचतीवरून पाहता ५० भाग जमायला आठ-नऊ महिने लागतील. वेगळं खातं काढा आणि तिथे साठवा. तोवर इंजिन चालवू नका, एक मिनिटही नाही. ठोका असलेल्या इंजिनाने रॉड तोडून ब्लॉकला भोक पाडलं की आजचे ३० सुद्धा राहणार नाहीत. गाडी उभी राहणार असल्याने स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सिलिंडरमध्ये सोडून ठेवा, म्हणजे भिंतींना गंज धरणार नाही. बॅटरी काढून ठेवा. आणि हे आठ-नऊ महिने गाडीशिवाय नीट गेले, तर तुम्हाला ती खरंच हवी आहे का, हा प्रश्न पत्नीसोबत बसून पुन्हा एकदा काढा. त्यांचं म्हणणं पैशाच्या बाजूने अजिबात चुकीचं नाही.

फोर्ज्ड पिस्टन आणि मोठा टर्बो यांना माझा नकार आहे. त्या खर्चातला जवळजवळ काहीच विक्रीत परत येत नाही, उलट गिऱ्हाईक बिचकतो. मोठा टर्बो आला की इंजेक्टर, फ्युएल पंप, क्लच, इंटरकूलर आणि ट्यूनिंग एकामागोमाग येतातच. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना सिलिंडरमध्ये जास्त फट ठेवावी लागते आणि थंड असताना ते खडखडतात. रोजच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. शिवाय विमा कंपनीला असे बदल कळवले नाहीत तर दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते. कंपनीच्या मापाचंच इंजिन बांधा.

पैसे जमल्यावरही ते एकदम खर्च करू नका. पहिल्यांदा जमलेल्या पैशांतले फक्त दोन भाग काढा: ऑइल फिल्टर कापून त्यातला चुरा बघा, कंप्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो आणि हवा किती गळते ते बघणं) करून घ्या. मग इंजिन उतरवून उघडा आणि क्रँक व ब्लॉक मोजायला द्या. तोपर्यंत एकही नवा पार्ट मागवायचा नाही, सवलत चालू असली तरी. रिंग आणि बेअरिंग कोणत्या साइजची लागणार हे मापं आल्याशिवाय कळतच नाही. ब्लॉकला तडा निघाला, किंवा क्रँक शेवटच्या अंडरसाइजच्याही पलीकडे गेला असेल, तर तिथेच थांबा. हेड, टर्बो, गिअरबॉक्स, बॉडीचे भाग सुटे विकले तर ३० च्या आसपास पोहोचता येईल. तोवर गेलेले पाच-सहा भाग गेले असं समजा. ते वसूल करण्यासाठी पुढे जाऊ नका. मापं ठीक आली तरच उरलेल्या ४४-४५ भागांचं कुलूप उघडा.

इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून नुसतं क्रँक करा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. टर्बोच्या ऑइलच्या तोंडातही आधी थोडं ऑइल घाला. पहिलं ऑइल लवकर बदला आणि तो फिल्टरही कापून बघा. मशीन शॉपचा मापांचा कागद, पार्टची बिलं आणि कापलेल्या फिल्टरचे तारखेसह फोटो एका फाइलमध्ये ठेवा. ९० आणि ९५ मधला फरक त्या फाइलमधूनच येणार आहे. गाडी विकायची ठरली तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आधीच ती त्याच्यापुढे ठेवा.