दीड वर्षाची मुलगी 'आई', 'बाबा' सोडून काहीच बोलत नाही. सासूबाई म्हणतात, काही मुलं उशिरा बोलतात. काळजी करावी का?

सासूबाईंचं अगदीच खोटं नाही. पण आमच्या घरीही हेच चाललं होतं, "याचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." डॉक्टर म्हणाले, थांबून बघू. त्यात वर्ष गेलं. लेकाला ऑटिझम आहे, आता तो नऊ वर्षांचा आहे.

माझं ऐकाल तर नुसते शब्द मोजू नका, तिचं बोट बघा. खिडकीत कावळा आला की ती त्याच्याकडे बोट करून वळून तुमच्या तोंडाकडे बघते का? बिस्कीट हवं म्हणून केलेलं बोट वेगळं आणि 'बघ ना, कावळा!' म्हणून केलेलं वेगळं. हे दुसरं दीड वर्षापर्यंत दिसायला हवं. आमचा लेक बोट करतच नसे. माझं मनगट धरून फ्रिजपर्यंत ओढत न्यायचा आणि माझा हात दारावर ठेवायचा, माझ्याकडे न बघता. आम्हाला त्याचं कौतुक! किती हुशार, म्हणायचो. हाक मारली तर ढिम्म, पण आतल्या खोलीत जाहिरात लागली की धावत यायचा.

म्हणून 'कान ठीक आहेत' असं आम्ही धरून चाललो. तुम्ही धरू नका. कमी ऐकू येणारी मुलंही काही आवाजांना वळतात; पाठीमागे टाळी वाजवून काही कळत नाही. बेरा चाचणी, म्हणजे यंत्राने होणारी ऐकण्याची तपासणी, करून घ्या.

ऑटिझमची शक्यता आहे का ते बघायला एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची यादी 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी असते. ती चाळणी आहे, निदान नव्हे. खासगीत परवडत नसेल तर अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे वर्षातून दोनदा येतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढ-विकासात अडचण असलेल्या मुलांच्या सरकारी केंद्रात, पाठवतं. तपासणी फुकट असते.

येत असलेले शब्द किंवा टाटा करणं बंद झालं, तर मात्र पथकाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात बालविकासतज्ज्ञांकडे जा. थेरपी सुरू करायला निदानाचा कागद हातात असायलाच हवा असंही नाही.

आणि जाताना घरचे दोन-तीन व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा: जेवताना, खेळताना, हाक मारताना. दवाखान्यात आमचा लेक पूर्ण वेळ नुसता रडला होता.