कुत्र्याला फिरवताना बटनाची लांब होणारी लीश घ्यावी की साधी? पहाटे मोकळं सोडलं तर चालतं का?

नऊ महिन्यांचा लॅब्रेडॉर, बदली होऊन नुकतेच नागपुरात आलात, कुत्रा खांदा निखळेल इतका ओढतो. दुकानदार म्हणतो बटनाची पाच मीटरची लीश घ्या, शेजारी म्हणतो पहाटे पाचला मोकळंच सोडा, कोण पाहून राहिलं. तुमचा प्रश्न एवढाच आहे आणि त्याचं उत्तरही दोन ओळींचं आहे. बटनाची लीश घेऊ नका आणि मोकळं सोडू नका. साधी सहा फुटांची, अंगठ्याएवढ्या रुंदीची पट्टी घ्या आणि छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, घ्या.

पण मला यावर जास्त बोलायचं आहे. आमच्या भुरीच्या मागच्या डाव्या पायावर, घोट्याच्या थोडं वर, बांगडीसारखी एक रेघ आहे. तिथे केस पुन्हा आले नाहीत. ती रेघ तुमच्या दुकानदाराने दाखवली तसल्याच लीशने पडली.

भुरी गावठी आहे. २०१९ च्या पावसाळ्यात कॉटन मार्केटजवळ एका भाजीच्या ठेल्याखाली थरथरत बसली होती, तिथून उचलून आणली. आता सतरा किलोची आहे. घरात शांत, रस्त्यावर शांत, फक्त फटाक्यांना मरणाची भिते. म्हणून दिवाळीच्या दिवसांत मी तिला दुपारी चारलाच फिरवून आणतो आणि अंधार पडला की मधल्या खोलीत पंखा मोठा करून तिच्याजवळ बसतो. हा नियम घरात सगळ्यांना माहीत आहे.

२०२१ च्या दिवाळी पाडव्याला ताई आणि भाऊजी पुण्याहून आले. भाऊजींकडेही कुत्रा आहे, सोसायटीत वाढलेला बीगल, त्यामुळे कुत्र्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच. येताना भुरीसाठी भेट आणली होती. लाल प्लास्टिकची मूठ, आत गुंडाळलेली दोरी, वर बटन. मी भुरीला सुती पट्टीने फिरवतो हे पाहून म्हणाले, "तुम्ही लोक कुत्र्याला गुरासारखं धरता. जरा मोकळीक द्या तिला." रात्री जेवणं झाली, श्रीखंड-पुरी झाली, आणि साडेआठला ते उठले. म्हणाले, मीच आणतो फिरवून, नवीन लीश पाहू कशी चालते. मी नको म्हणालो. आईने माझ्याकडे पाहिलं. जावई आहेत, सणाचे आलेत, जाऊ दे, असं ते पाहणं होतं. मी गप्प बसलो आणि चपला घालून मागे निघालो. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

गल्लीतून कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर मी तीनदा म्हणालो, "भाऊजी, बटन लॉक करा, दोरी छोटी ठेवा." त्यांच्या दुसऱ्या हातात फोन होता, कोणाला तरी शुभेच्छा देणं चाललं होतं. भुरी वास घेत घेत पूर्ण पाच मीटर पुढे, विजेच्या खांबापाशी गेली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पोरांनी सुतळी बॉम्ब फोडला.

आता पुढचं नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. भुरी आधी मागे उसळली, त्यामुळे दोरीला ढील मिळाली, आणि मग पुढे सुटली. सतरा किलोच्या कुत्र्याला पाच मीटरची धाव मिळाली की शेवटी जो हिसका बसतो तो एका हाताने, तेही गुळगुळीत प्लास्टिकच्या मुठीवर, पेलता येत नाही. मूठ हातातून उडाली. आणि त्या मुठीत स्प्रिंग असते. दोरी आत ओढून घेणं हेच तिचं काम. हातातून सुटली की ती जागेवर पडून राहत नाही, कुत्र्याच्या दिशेने झेपावते. सिमेंटच्या रस्त्यावर खाडखाड आपटत ती लाल मूठ भुरीच्या टाचांवर जाऊन आदळली. भुरी जोरात पळाली तशी मूठ जोरात उसळली. बॉम्ब एकदाच वाजला होता, मूठ पावलोपावली वाजत होती. रस्त्याच्या दिव्याखाली वळताना मी तिला पाहिलं. कान मागे, शेपूट पोटाशी, आणि मागे ती लाल वस्तू उड्या मारत चाललेली. ती त्या वस्तूला पाठ दाखवून पळत होती, आणि ती वस्तू तिच्याच गळ्याला बांधलेली होती.

रात्री दोन वाजेपर्यंत बजाज नगर, अभ्यंकर नगर, लक्ष्मी नगर पायाखाली घातलं. पहाटे पुन्हा निघालो, माटे चौकातल्या टपऱ्या, दुधाच्या गाड्या, प्रत्येक चौकीदार, सगळ्यांना फोटो दाखवला. भाऊबीज होती. ताईने दुपारी चारला ओवाळलं तेव्हा माझे पाय फोडांनी भरले होते आणि तिचे डोळे सुजले होते. भाऊजी दिवाणखान्यात बसून सांगत होते, भूक लागली की येते कुत्री परत.

आली नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना आयटी पार्कच्या बाजूला एका बांधकामावर चौकीदाराची बायको म्हणाली, "काल रातीपासून तिकडं कुईकुई करून राहिली जी एक कुत्री. आम्हाला वाटलं, पिल्लं घातली." बाजूच्या मोकळ्या प्लॉटात रायमुनियाची झुडपं माजली होती. त्यात ती मूठ दोन खोडांच्या बेचक्यात फसली होती. भुरी सुटण्यासाठी गोल गोल फिरली असणार, कारण दोरीचे तीन वेढे मागच्या पायाला बसले होते आणि सर्वांत आतला वेढा मांसात रुतला होता. बुटाच्या नाडीएवढी ती दोरी, पण हाताने तुटेना. मी तिला हात लावताच भुरी माझ्या उजव्या हाताला चावली. दोन वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं. मी शर्ट काढून तिच्या तोंडावर टाकला, त्या बाईने विळा आणून दिला, आणि दोरी कापली.

बांधकामाच्या टाकीवर साबणाने पंधरा मिनिटं हात धुतला. मग दवाखाना. भुरीला दरवर्षी रेबीजची लस देतो, तरी मी ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशीची पाचही इंजेक्शनं घेतली. रेबीज झाल्यावर त्याला उपाय नाही, तिथे आपला कुत्रा म्हणून सूट नाही. भुरीच्या पायाला अकरा दिवस ड्रेसिंग चाललं.

भाऊजींचं म्हणणं आजही हेच आहे की भुरी बॉम्बमुळे पळाली, लीश कोणतीही असती तरी सुटली असती, आणि मुळात कुत्री शिकवलेली नाही. दर दिवाळीला हा विषय निघतो आणि दर वेळी आई तो बंद करते. म्हणून इथे पूर्ण लिहितो. सहा फुटांच्या पट्टीवर कुत्र्याला धाव घ्यायला जागाच नसते, म्हणून हिसका कमी बसतो. पट्टीचा फास मनगटातून घालून मुठीत धरलेला असतो, तो फोन कानाला असतानाही सहज उडत नाही. आणि समजा सुटलीच, तर कापडी पट्टी जमिनीवर आवाज न करता घसटत जाते, कुत्र्याच्या मागे लागत नाही. भुरी दोन गल्ल्या सोडून एखाद्या कारखाली जाऊन बसली असती आणि तासाभरात मला सापडली असती. बॉम्बने ती दचकली, आयटी पार्कपर्यंत पळवली त्या मुठीने. लीश हातातून सुटली याचा राग मला कधीच नव्हता. कोणाच्याही हातून सुटू शकते. तीनदा सांगून बटन दाबलं नाही, आणि नंतर दोष त्या मुक्या जिवावर टाकला, याचा आहे.

त्यामुळे तुम्हालाही सांगतो, लीश पाहुण्याच्या हातात देऊ नका. जावई असो, साहेब असो की सासरे. कुत्रा तुमचा, तर हात तुमचा.

त्या दोरीचे आणखी प्रताप आहेत. झटक्यात सुटलेली दोरी हाताने थांबवायला गेलात तर बोटांची साल निघते. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला रस्त्याच्या एका कडेला तुम्ही आणि दुसऱ्या कडेला कुत्रा असेल, तर मधली काळी दोरी पेपर टाकणाऱ्या सायकलवाल्या पोराला दिसत नाही. शिवाय ती सतत थोडी ताणलेली असते, म्हणजे कुत्रा रोज हेच शिकतो की ओढलं की पुढे जायला मिळतं. तुमचा आधीच ओढतो. त्याच्या हाती हे देणं म्हणजे त्याला ओढायची शिकवणी लावणं आहे.

मोकळं सोडण्याबद्दल. "आमचा काही करत नाही" हे वाक्य मी या शहरात इतक्यांदा ऐकलं आहे की ते कानावर पडलं की मी भुरीला माझ्या मागे घेतो. तुमचा लॅब्रेडॉर खरंच काही करत नसेल. पण माझी आई ७२ वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. खेळायला म्हणून तीस किलोचा प्राणी अंगावर आला तर ती पडते, आणि पडली तर कंबर मोडते. दुसरं, नागपुरात प्रत्येक कोपऱ्यावर तीन-चार मोकाट कुत्री असतात आणि तो कोपरा त्यांचा असतो. तुमचा लाडका तिथे घुसला की ती भुंकणार, धरणार. मग लोक दगड मारणार ते त्या मोकाटांना, तक्रार जाणार ती त्यांची. चूक मालकाची आणि मार त्यांना, हे मी आमच्याच चौकात पाहिलं आहे. कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्यासाठी म्हणून नाही, त्या म्हाताऱ्या माणसांसाठी पट्टा लावा.

पट्टा धरायचा कसा हेही सांगतो, कारण निम्मे लोक तळहाताला वेढे मारून धरतात आणि बोटं मोडून घेतात. फास मनगटातून घ्या, उरलेली पट्टी घडी करून मुठीत धरा, दुसरा हात कुत्र्याच्या बाजूने पट्टीवर ठेवा. पट्टी सैल असू द्या. समोरून दुसरा कुत्रा दिसला की आपण नकळत पट्टी ताणतो आणि ताण लागला की कुत्र्याला वाटतं काहीतरी धोका आहे. त्याऐवजी लांबूनच वळसा घ्या. ओढला की खांबासारखं थांबा, पट्टी सैल झाली की चाला. पहिला आठवडा घरापासून पन्नास पावलंही जाणार नाही तुम्ही. जाऊ नका, हरकत नाही. छातीवरची कडी यासाठीच, की ओढलं तर तो तुमच्याकडे वळतो आणि गळ्यावर भार येत नाही. काट्यांचा पट्टा, गळा आवळणारी साखळी, असलं काही कोणी सुचवलं तर त्या माणसाचा सल्ला पुन्हा घेऊ नका.

दिवसभर साखळीला बांधून ठेवत असाल तर मात्र कोणतीच लीश उपयोगाची नाही. तो ओढणारच, त्याच्या अंगात बारा तासांचं बळ साचलेलं असतं. आखूड किंवा जड साखळीने तासन् तास बांधणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यातही गुन्हाच आहे.

शी उचला. खिशात पिशवी किंवा जुना पेपर ठेवा. आमच्या गल्लीत सकाळी झाडणाऱ्या ताई ती दोन पत्र्यांनी उचलतात, ते मला पाहवत नाही. आणि एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी सातच्या आत घरी या, संध्याकाळी निघण्याआधी तळहाताची पाठ डांबरावर सात सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. बटनाची लीश सगळीकडेच वाईट असं नाही. मोकळं मैदान, गर्दी नाही, हाक मारली की येणारा शांत कुत्रा आणि लक्ष असलेला मालक असेल तर चालते. तरी मी तिथेही दहा मीटरचा सुती दोरच वापरतो, इतवारीत मिळतो, स्वस्त पडतो. दुसरं म्हणजे भुरीसारख्या गावठी कुत्र्यांचं डोकं मानेच्या मानाने फार मोठं नसतं, साध्या गळपट्ट्यातून ती मागे सरकून निघतात, म्हणून त्यांना हार्नेस लागतोच. लॅब्रेडॉरचं डोकं मोठं, त्याला ही भीती कमी. तुम्हाला हार्नेस सांगितला तो ओढण्यासाठी.

माप घ्यायला त्याला सोबत न्या, किंवा शिंप्याच्या टेपने पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. पट्टी बसवल्यावर आत दोन बोटं जायला हवीत, तिसरं नाही. अजून वाढतोय म्हणून मोठा घेऊन ठेवू नका. सैल हार्नेसमधून कुत्रा मागे सरकत पुढचे दोन्ही पाय काढून घेतो, आणि मग तुमच्या हातात नुसती पट्टी उरते.