वाचकांचे प्रश्न : पक्ष्यांचे कारंजे

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या बागेत एका कुटुंबाने देणगी देऊन पक्ष्यांसाठी बांधलेले लहान दगडी कारंजे बरीच वर्षे बंद पडून आहे. ज्येष्ठ मंडळी ते सुरू करा म्हणतात, तर काही रहिवासी डासांच्या भीतीने ते बुजवा म्हणतात. शिवाय २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही चैन शोभते का? अशी कारंजी बांधण्याची रीत आली कोठून, हेही सांगावे. – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी रीतीविषयी. मराठवाड्यात कारंज्याचा विषय निघाला की पाणचक्की आठवतेच. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि डोंगरातले पाणी खापरी नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. पाणचक्कीत असेच डोंगरातून आलेले पाणी भिंतीच्या आतून वर चढून हौदात कोसळते आणि तेच जातेही फिरवत असे. अर्थात ही सोय माणसांसाठी होती. पाखरांना मिळाला तो हौदाचा काठ. मुक्या जिवांसाठी मुद्दाम पाणी राखण्याची आपली पद्धत याहून साधी आहे : विहिरीजवळ गुरांसाठी हाळ आणि उन्हाळ्यात झाडाला टांगलेले मातीचे परळ. मुंबईत पुढे धनिकांनी पाणपोया बांधल्या, त्यांतल्या कित्येकींना जनावरांसाठी वेगळे कुंड असे. भातबाजारातील केशवजी नाईक यांचे १८७६ चे कारंजे आजही उभे आहे. आपल्या बागेतील दगडी कारंजे याच दानपरंपरेतले दिसते.

आता चैनीविषयी. फवारा उंच उडवला तर ती चैनच, कारण लातूरच्या कोरड्या वाऱ्यात त्यातले बरेच पाणी पात्रात परत येत नाही. पक्ष्यांना मात्र फवारा लागतच नाही. त्यांना हवे असते उथळ, स्थिर पाणी आणि पंजे रोवता येतील असा खरखरीत काठ. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटिमीटरने घटते असे धरले, तर एक मीटर व्यासाच्या पात्रातून सुमारे ८ लिटर पाणी उडून जाते. अर्ध्या बादलीचा हा खर्च, माझ्या मते, टंचाईतही परवडावा. पक्ष्यांना घाम येत नसल्याने ते धापा टाकून अंग थंड ठेवतात, आणि त्यात त्यांच्या शरीरातले पाणी झपाट्याने घटते.

म्हणून पंपाच्या दुरुस्तीवर पैसा घालू नका. थोड्या उंचीवर लहान टाकी ठेवून बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडा; पडणाऱ्या थेंबाकडे पक्षी आपसूक वळतात. पात्र खोल असेल तर तळाशी दगड रचून पाण्याची खोली काठाशी दोन-तीन व मध्यभागी पाच सेंटिमीटरपर्यंत आणा. बोअरचे पाणी जड असल्यास नळीच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर बसेल. तो व्हिनेगरमध्ये भिजवून निघतो.

डासांची भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय बुजवणे हा नव्हे. अंड्यापासून डास तयार होण्यास उन्हाळ्यातही साधारण आठवडा लागतो, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी पात्र पूर्ण रिकामे केले की त्यांची साखळी तुटते. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही : डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पात्राच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने कडा घासणे म्हणूनच आवश्यक आहे, आणि शेवाळही त्यानेच जाते. साबण, मोरचूद किंवा डास मारण्यासाठी तेल मुळीच वापरू नये. तेलाने पिसे चिकटतात आणि मोरचूद विषारी आहे. काढलेले पाणी झाडांच्या आळ्यात घालावे.

काठावर धान्य टाकण्याचा मोह मात्र टाळावा. दाण्यांमागे पारवे जमतात, पाणी विष्ठेने घाण होते आणि पारवे-होल्यांना होणारा घशाचा रोग अशाच सामायिक पाण्यातून पसरतो. शिवाय पारव्यांच्या गर्दीत बुलबुल आणि चिमण्या फिरकत नाहीत. आजारी पक्षी दिसला तर पात्र काही दिवस कोरडे ठेवा.

घासण्याचे काम कोणाकडे, हे वसाहतीच्या बैठकीत नावानिशी ठरवून मगच पाणी सोडावे.