नेपाळमध्ये घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी तीन महिने काम करायचं आहे, काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, हाताशी तीन महिने आहेत, आणि नेपाळमधल्या एखाद्या गरीब वस्तीत नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांचं समुपदेशन करायचंय.

समुपदेशन सोडून बरंच काही करता येईल. मोडक्यातोडक्या नेपाळीत तुम्ही एखादीला बोलतं कराल आणि परत याल. तिला मात्र त्याच घरात राहायचंय. म्हणून केस स्थानिक कार्यकर्तीच्या हातात आणि तुम्ही तिच्या मदतीला, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या.

भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पण अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं, तिथल्या पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही. संस्था निवडताना एकच परीक्षा घ्या: तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात का? न मागता, पैसे भरून कुणालाही पीडित बायकांपर्यंत नेणाऱ्या संस्थेत जाऊ नका.

जाण्याआधी तिथली व्यवस्था पाठ करा. घरगुती हिंसेविरुद्धच्या नेपाळच्या २००९च्या कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो. तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते, आणि बायका नेमक्या इथेच अडकतात, कारण बरेच दिवस ‘सुधारेल’ या आशेवर जातात. पोलिसांचा नंबर १००. महिला आयोगाची हेल्पलाइन ११४५, चोवीस तास चालू. हा नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, तोंडपाठ करून घ्या; चिठ्ठी नवऱ्याला सापडते. फोन केल्यावर नोंद कशी पुसायची तेही दाखवा.

२०११ पासून सरकारी रुग्णालयांत ‘एकद्वार संकट व्यवस्थापन केंद्रं’ सुरू झाली. उपचार मोफत असतात. पोलीस, वकील आणि समुपदेशक तिथूनच जोडून देतात. बलात्कार झाला असेल तर वेळ फार महत्त्वाची: एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांच्या आत, आणि दोन्ही जितक्या लवकर तितक्या बऱ्या. वस्तीपासून जवळचं केंद्र कोणतं, रात्री गाडी कुणाची मिळेल, भाडं कोण देईल, हे आधीच लिहून काढणं हे तुम्हाला उत्तम जमण्यासारखं काम आहे.

पालिकेच्या पातळीवर तंटे ऐकणारी न्यायिक समिती असते, उपमहापौर तिचे प्रमुख. तिथे ‘मिलापत्र’ हा शब्द कानावर पडेल, म्हणजे समेटाचा कागद. चार माणसांसमोर सही होते आणि बाई त्याच घरात परत जाते. तिची स्वतःची इच्छा आहे का, हे कार्यकर्तीने तिला एकटीला विचारलेलं असलं पाहिजे. पण ‘सोडून दे त्याला’ असंही तुम्ही कधी म्हणू नका. घर सोडते तेव्हाच जिवाला सर्वात जास्त धोका असतो. आधी नागरिकतेचा दाखला, लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद यांच्या प्रती, थोडे पैसे आणि औषधं असं गाठोडं शेजारणीकडे किंवा माइतीत (म्हणजे माहेरी) ठेवलेलं बरं. लग्नाची नोंदच नसेल तर पुढे हक्क मागताना फार अडतं. नोंदणीचे अर्ज भरायला मदत करा. लिपी देवनागरीच असल्याने वाचता येईल, पण अर्थ गृहीत धरू नका: ‘शिक्षा’ म्हणजे तिथे शिक्षण, आणि ‘श्रीमान’ म्हणजे नवरा.

शिलाईचा वर्ग काढायचा मोह होईल. कमाई नवऱ्याने हिसकावून घेतली तर तो वर्ग म्हणजे मार खायला नवं निमित्त. आधी तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, मग मशीन.

फोटो काढू नका, पाठमोरेही नकोत. साडी आणि अंगण वस्तीतल्या कुणालाही ओळखता येतं. परतायची तारीख बायकांना पहिल्याच भेटीत सांगा, शेवटच्या पंधरा दिवसांत नवं काही हाती घेऊ नका, आणि निघण्याआधी सगळ्या नोंदी कार्यकर्तीकडे देऊन आपल्या फोनमधून पुसून टाका.