चौघांतला दुसरा: स्की क्रॉसच्या करिअरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, मी कॉलेजला आहे. परवा पहिल्यांदाच स्की क्रॉस बघितलं. पायात स्की घालून चार जण बर्फाच्या उतारावर एकदम सुटतात, उड्या मारत खाली येतात आणि मिनिटभरात सगळं संपतं. हे लोक लहानपणापासून हेच करतात का? आणि एवढ्याशा मिनिटासाठी पंधरा-पंधरा वर्षं घालवावी असं त्यात काय आहे?

उत्तर: अरे, बरं झालं विचारलंस, माझा फार जिव्हाळ्याचा खेळ आहे हा.

लहानपणापासून स्की क्रॉसच करणारे आता दिसायला लागलेत, पण आधीच्या पिढीतले बहुतेक जण अल्पाइनमधून आले, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध वळणं घेत उतरायचा जो जुना प्रकार आहे ना, त्यातून. दहा-बारा वर्षं जायंट स्लॅलम, म्हणजे त्यातलाच मोठ्या वळणांचा प्रकार, केलेलं असतं, पायात वळण पक्कं बसलेलं असतं, पण अल्पाइनच्या टीममध्ये जागा मिळत नाही किंवा वेळ थोडक्यात कमी पडते आणि मग कोणीतरी सुचवतं की एकदा क्रॉस करून बघ. ते वळण इथे कामाला येतंच, पण बाकीचं सगळं नव्याने शिकावं लागतं, कारण आजवर त्याच्या शेजारून कोणी कधी गेलेलंच नसतं.

एका रेसचा दिवस कसा असतो ते सांगते म्हणजे करिअरही कळेल. आधी क्वालिफिकेशन असतं, त्यात प्रत्येक जण एकटा उतरतो आणि त्याची वेळ मोजतात. त्या वेळेवरून 32 जणांचा ड्रॉ लागला की चौघाचौघांच्या 8 हीट, म्हणजे छोट्या शर्यती, होतात आणि प्रत्येक हीटमधून पहिले दोघं पुढे जातात. मग क्वार्टर, मग सेमी, मग फायनल. ज्याची क्वालिफिकेशनची वेळ चांगली त्याला स्टार्टला कुठल्या गेटमधून सुटायचं हे आधी निवडता येतं, आणि पहिल्या वळणावर आतली बाजू कोणाला मिळणार हे बऱ्याचदा तिथेच ठरून जातं. म्हणजे जिंकायचं तर एकाच दिवसात त्याच उतारावरून चार हीट काढायच्या, आणि पहिल्या तिन्हींत दुसरा आलास तरी चालतं! माझ्या मते या खेळातली सगळी अक्कल या दुसऱ्या नंबरातच आहे. नवा पोरगा प्रत्येक हीटला पहिला यायला जातो, तर मुरलेला खेळाडू पुढच्याच्या मागे हवेच्या आडोशाला बसतो, पायातली ताकद राखतो आणि तिसरा जवळ येतोय का यावर कान ठेवून राहतो. हे शिकायला वर्षं जातात, आणि म्हणूनच इथे वय लगेच आडवं येत नाही. स्वित्झर्लंडच्या अलेक्स फिवाने 2022 ला बीजिंगमध्ये रौप्य मिळवलं तेव्हा तो 36 वर्षांचा होता.

स्टार्ट नीट बघ पुढच्या वेळी. दोन्ही हात दांड्यांवर, गुडघे वाकलेले, समोर गेट, आणि ते पडलं की सगळं अंग हातांनी पुढे खेचून घ्यायचं. लगेच छोटे छोटे उंचवटे येतात, त्यांना रोलर म्हणतात, तिथे पाय असे दुमडायचे आणि दाबायचे की डोकं एका रेषेत राहतं आणि खालचे गुडघे शिवणयंत्रासारखे वरखाली होतात. जो रोलरवर हवेत गेला तो मागे पडला, कारण हवेत वेग वाढत नाही. लोकांना उड्या दिसतात पण रेस बरीचशी या रोलरवरच जिंकली जाते असं मला वाटतं, त्यासाठी ही मंडळी उन्हाळाभर जिममध्ये आणि स्टार्टच्या सरावात घाम गाळत असतात.

आता पंधरा वर्षं का घालवतात. कॅनडाचा ब्रेडी लीमन घे. 2010 ला ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तो व्हँकुव्हरला, म्हणजे त्याच्याच देशात, आणि पाय मोडल्यामुळे त्याला उतरताच आलं नाही. 2014 ला सोचीत तो फायनलला पोचला तर बाकीचे तिघंही फ्रान्सचे, शापुई, बोवोलेंटा आणि मिडोल, आणि तिन्ही पदकं त्या तिघांनी नेली, हा चौथा. हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढची चार वर्षं परत तेच, जिम, प्रवास, वर्ल्ड कप, आणि 2018 ला प्योंगचांगमध्ये वयाच्या 31 व्या वर्षी सुवर्ण. ती फिनिश मी कितीदा बघितली असेल देव जाणे, दर वेळी घसा दाटून येतो.

आणि हे फक्त गोष्टीत शोभणारं नाही हं. त्याच्याच टीममधला ख्रिस डेलबॉस्को 2010 च्या फायनलला तिसरा होता, कांस्य समोर होतं, पण तो आणखी पुढे जायला गेला आणि शेवटी शेवटी एका उडीवर पडला, चौथा आला. पुढच्याच वर्षी तो वर्ल्ड चॅम्पियन झाला. ऑलिम्पिक पदक मात्र कधीच मिळालं नाही, 2018 ला पुन्हा पडला तेव्हा तर कंबरेचं हाडच मोडलं. तू विचारतोस एवढ्या मिनिटासाठी का, तर मला वाटतं चौथ्या नंबरावर थांबवत नाही म्हणून.

पैशाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. अल्पाइनच्या मोठ्या नावांसारखी कमाई इथे नाही. राष्ट्रीय संघाचा पाठिंबा, स्पॉन्सर, बक्षिसं यावर चालतं, आणि जर्मनी, इटली, ऑस्ट्रियासारख्या देशांत खेळाडूंना सैन्य, पोलीस किंवा कस्टम्समध्ये घेतात, त्यामुळे पगार चालू राहतो आणि सराव करता येतो. हे नसतं तर अर्धे लोक पंचविशीतच खेळ सोडून गेले असते.

प्रश्न: ताई, बघताना माझा जीव वरखाली होतो. यांच्या आईवडिलांना झोप कशी लागत असेल? खरंच किती धोका असतो?

उत्तर: धोका आहे, आणि मी तो लपवणार नाही. मार्च 2012 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डच्या वर्ल्ड कपला कॅनडाचा निक झोरिचिच शेवटच्या उडीनंतर बाजूला जाऊन पडला आणि गेला. स्वीडनची अॅना होल्मलंड, सोचीत कांस्य जिंकलेली, डिसेंबर 2016 मध्ये इटलीतल्या इनिखेनला पडली आणि तिच्या मेंदूला फार गंभीर इजा झाली. ही दोन नावं या खेळातलं कोणीच विसरत नाही.

रोजची भीती मात्र गुडघ्याची. कॅनडाची मॅरिएल थॉम्पसन सोचीची सुवर्णविजेती, ऑक्टोबर 2017 मध्ये तिच्या गुडघ्याची लिगामेंट फाटली आणि ऑलिम्पिक फेब्रुवारीत. चार महिन्यांत ती स्टार्ट गेटवर उभी होती! पहिल्याच फेरीत बाहेर पडली हे खरं, पण 2019 ला वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि 2022 ला ऑलिम्पिकचं रौप्य घेतलं. एवढ्या लवकर उतरायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, गुडघा जन्मभर वापरायचा असतो. पण तिच्या जागी मी नव्हते.

आईवडिलांच्या झोपेचं मला सांगता येणार नाही, पण मुलं एकदम मोठ्या उडीवर जात नाहीत एवढं नक्की. आधी छोटे रोलर, मग बँक म्हणजे कडेला उचललेली वळणं, मग एकट्याने पूर्ण ट्रॅक, आणि शेजारी दुसरा माणूस सगळ्यात शेवटी येतो.

प्रश्न: चौघं एकमेकांना लागतातच की. मग धक्का दिलेला चालतो का?

उत्तर: अंगाला अंग लागणं चालतं, एवढ्या जवळून जाताना ते होणारच. मुद्दाम ढकललं, अडवलं, हात लावला तर नाही चालत. पंच व्हिडिओ बघून यलो कार्ड देतात आणि मग तुम्ही त्या हीटमध्ये मागे जाता, फारच वाईट असेल तर रेड.

पण मुद्दाम की नकळत हे ठरवणं किती कठीण असतं ते बीजिंगला दिसलं. स्वित्झर्लंडची फॅनी स्मिथ तिसरी आली, संपर्क झाला म्हणून यलो कार्ड मिळालं, ती चौथी आणि जर्मनीची डॅनिएला मायर तिसरी. मग अपीलमध्ये ठरलं की कार्ड द्यायला नको होतं, कांस्य स्मिथला. मग जर्मनीकडून त्यावर अपील, प्रकरण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे, आणि वर्ष संपताना दोन्ही बाजूंनी मान्य केलं की कांस्य दोघींचं. मला तो निकाल पटला. रिप्ले मीही पुन्हा पुन्हा बघितला, स्मिथचं एक स्की जरासं बाहेर गेलं, मागच्या पोरीला लागलं, आणि वेग एवढा की ते तिने केलं की झालं हे मला अजूनही सांगता येत नाही.